सोलापूरच्या नावाचे दोन वटहुकूम

स्वतःच्या नावाचा वटहुकूम फार थोड्या शहरांच्या वाट्याला आला असेल. सोलापूरच्या वाट्याला दोन आले. १५ मे १९३० रोजी व्हाइसरॉय आयर्विन यांनी 'सोलापूर मार्शल लॉ वटहुकूम' काढला. ९ जानेवारी १९५० रोजी निघाला तो 'सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी' या एकाच कंपनीसाठी काढलेला, तातडीच्या तरतुदींचा वटहुकूम. त्या वेळी गव्हर्नर जनरल होते चक्रवर्ती राजगोपालाचारी. पहिल्याने सबंध शहर लष्कराच्या हाती दिले. दुसऱ्याने शहरातली सर्वांत जुनी कापडगिरणी सरकारच्या हाती दिली.

दोन्ही कागदांचे कूळ एकच. १८५७ च्या उठावानंतर चारच वर्षांनी, १८६१ च्या कौन्सिल्स ॲक्टाने गव्हर्नर जनरलला एक विलक्षण अधिकार दिला होता. आणीबाणीची वेळ आली असे त्याला वाटले, तर कायदेमंडळाला न विचारता एकट्याच्या सहीने कायदा करायचा आणि तो सहा महिने चालवायचा. हाच अधिकार १९१९ च्या कायद्यात उतरला, १९३५ च्या कायद्यात थोडे रूप बदलून उतरला आणि आपल्या संविधानातही १२३ व्या आणि २१३ व्या कलमांत राष्ट्रपती आणि राज्यपालांकडे आला. आज आपण त्याला अध्यादेश म्हणतो.

मला थक्क करते ती पुढची गोष्ट. १९३० च्या वटहुकुमापुढे सबंध सोलापूर हतबल होते. १९५० च्या वटहुकुमाला मात्र कंपनीचे अवघे तीन साधे भाग आणि थोडे अग्रहक्क भाग असलेल्या एका माणसाने थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयात ओढले. शहर तेच, हत्यार तेच. मध्ये वीस वर्षांहून कमी काळ गेला होता. या वीस वर्षांत नेमके काय बदलले, हे समजून घेतले की संविधान कशासाठी असते ते कळते.

आधी १९३० चे सोलापूर पाहू. मिठाचा सत्याग्रह पेटला होता. ६ एप्रिलला सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा चढला. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली आणि गिरणगावात संताप उसळला. ८ मे रोजी रूपाभवानीच्या परिसरात शिंदीची झाडे तोडण्यावरून जमाव आणि पोलीस समोरासमोर आले, गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे हा तरुण जागीच गेला. त्यानंतर जमाव आवरला नाही. पोलीस चौकी जळाली, पोलीस मारले गेले, न्यायालयाची इमारत पेटली. सरकारी अंमल शहरातून जवळजवळ नाहीसा झाला. ९, १० आणि ११ मे हे तीन दिवस शहराचा कारभार काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी सांभाळला. स्वातंत्र्याच्या कितीतरी आधी तीन दिवस स्वतंत्र राहिलेले शहर, असे सोलापूरकर आजही अभिमानाने सांगतात.

१२ मे रोजी लष्कर आले.

आता तारखा नीट पाहा. लष्कराने ताबा घेतला तो १२ मे रोजी आणि वटहुकूम निघाला तो १५ मे रोजी. मधल्या तीन दिवसांत एखाद्या शिपायाने रस्त्यावरच्या माणसाला अडवले असेल, तर ते कोणत्या कलमाखाली? कलमच नव्हते. लष्करी कायदा कुठल्याही पुस्तकात छापलेला नसतो. इंग्रजी कायद्याच्या परंपरेत त्याला एकच आधार आहे, तो म्हणजे गरज. दंगल इतकी हाताबाहेर गेली की न्यायालये चालूच शकत नाहीत, तेव्हा शांतता परत आणण्यासाठी जेवढे बळ लागेल तेवढेच वापरायचे, त्याहून जास्त नाही. त्या परंपरेप्रमाणे शांतता आल्यावर सेनाधिकाऱ्यालासुद्धा न्यायालयासमोर उभे राहून सांगावे लागते की मी हे का केले. म्हणून अशा वेळी सरकार घाईघाईने एक कागद तयार करते, अधिकाऱ्यांनी केलेल्या कृत्यांवर पांघरूण घालते आणि पुढच्या हुकमांना कायद्याचे बळ देते. सोलापूरच्या वटहुकुमाचे काम तेच होते.

त्या राजवटीत तिरंगा फडकवणे गुन्हा ठरला. गांधी टोपी घालून रस्त्यावर निघणेही. दंगल शमवायला टोपी उतरवणे कशाला लागते, हा प्रश्न त्या वेळीही सगळ्यांना पडला असणार, पण तो विचारायचा कुणापुढे? ३० जूनपर्यंत हा अंमल चालला. त्यातून निघालेले खटले मुंबई उच्च न्यायालयात पूर्णपीठासमोर गेले. 'चन्नप्पा शांतिरप्पा विरुद्ध एम्परर' हे नाव घटनाकायद्याच्या ग्रंथांत लष्करी कायद्याची चर्चा निघाली की आजही भेटते. एका सोलापूरकराचे नाव आहे ते, आणि सोलापुरात ते फारसे कुणाला माहीत नाही, याची मला खंत वाटते.

पण वटहुकुमाच्या मुळाशी जायची वाट बंदच होती. त्याच मे महिन्यात, सोलापूरच्या आधी दोन आठवडे, आयर्विन यांनी लाहोर कटाच्या खटल्यासाठी खास न्यायाधिकरण नेमणारा वटहुकूम काढला होता. भगतसिंग आणि त्यांच्या साथीदारांच्या वतीने त्याला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये आव्हान दिले गेले. फेब्रुवारी १९३१ मध्ये उत्तर आले: आणीबाणी आहे की नाही हे ठरवणारा गव्हर्नर जनरल हा एकटाच. न्यायालयाने त्यात डोकावायचे नाही. म्हणजे ज्याच्या हाती सत्ता, तोच तिच्या गरजेचा न्यायाधीश. त्याआधीच, १२ जानेवारी १९३१ रोजी, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघा सोलापूरकरांना पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून येरवड्यात फाशी दिले गेले होते. चार हुतात्म्यांचे पुतळे शहराच्या मध्यभागी उभे आहेत.

त्याच शहराच्या कडेला आणखी एक जागा होती, आणि सत्तेला मर्यादा नसली की काय होते याचा ती दंगलीपेक्षाही स्पष्ट पुरावा आहे. सोलापूरकर तिला आजही सेटलमेंट म्हणतात. तारेच्या कुंपणाआड कैकाडी, पारधी, भामटा अशा जमातींची कुटुंबे ठेवली होती. त्यांतले अनेक जण शहरातल्या गिरण्यांत राबायचे आणि हजेरीला परत यायचे. गुन्हा? जन्म. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ मध्ये झाला, १९११ मध्ये त्याची व्याप्ती वाढवून तो मुंबई इलाख्यातही आणला गेला, १९२४ मध्ये पुन्हा लिहिला गेला. या कायद्याप्रमाणे प्रांतिक सरकारने गॅझेटमध्ये एक अधिसूचना काढली की सबंध जमात गुन्हेगार ठरत असे. आणि त्यात एक वाक्य असे होते की ते वाचताना आजही अंगावर काटा येतो: अधिसूचना कायद्याप्रमाणे निघाली की नाही, हा प्रश्न कोणत्याही न्यायालयाने उपस्थित करायचा नाही. ती निघाली, हाच ती बरोबर असल्याचा पुरावा. आरोप करणारे, शाबीत करणारे आणि शिक्षा देणारे एकच खाते. वर दाद मागायला दारच नाही. मुंबई राज्याने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला, देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो.

आता गिरणीकडे येऊ. १८७७ मध्ये सुरू झालेली ही गिरणी, सोलापूरची जुनी मिल. तिच्या भोंग्यावर शहराचा दिवस उजाडायचा. १९४९ च्या ऑगस्टमध्ये ती बंद पडली. हजारो कामगार रस्त्यावर आले. देशात कापडाचा तुटवडा होता, त्यामुळे प्रश्न केवळ सोलापूरचा राहिला नाही. सरकारने आधी जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याखाली एक नियंत्रक नेमून पाहिला. त्याने भागेना. मग ९ जानेवारी १९५० चा वटहुकूम आला.

त्याच्या तरतुदी कडक होत्या. कंपनीचे जुने संचालक गेले. व्यवस्थापकीय एजंट गेले. सरकार नेमेल ते नवे संचालक. भागधारकांना आपला संचालक निवडता येणार नाही. त्यांच्या सभेत ठराव झाला तरी सरकारच्या मान्यतेशिवाय तो लागू होणार नाही. कंपनी मोडीत काढण्याचा अर्जही सरकारच्या परवानगीविना करता येणार नाही. केंद्राने हे सगळे अधिकार मुंबई सरकारला दिले आणि मुंबई सरकारने त्याच दिवशी नवे संचालक नेमले. हेतू वाईट नव्हता, हे मी मनापासून मानतो. उपाशी कामगारांच्या चुली पेटाव्यात म्हणून सरकार धावले होते. तरीही एका गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे. हा सबंध देशाचा कायदा होता, पण तो लागू होता फक्त एका कंपनीला. गैरकारभार कुठल्या दुसऱ्या गिरणीत असला तर तिला तो लागू नव्हता. आणि गैरकारभार झाला हे ठरवण्याआधी कंपनीला 'तुमचे काय म्हणणे आहे' असे विचारण्याची कुठेही तरतूद नव्हती.

सतरा दिवसांनी, २६ जानेवारीला, संविधान अंमलात आले. त्यातले १३ वे कलम सांगते की मूलभूत हक्कांशी विसंगत असलेले जुने कायदेही तेवढ्यापुरते निकामी ठरतील. जो कागद ९ तारखेला निर्धास्त होता, तो २६ तारखेला कसोटीला लागला. कसोटीची दोन कलमे महत्त्वाची होती. १४ वे सांगते की कायद्यापुढे सारे समान. ३१ वे तेव्हा सांगत होते की भरपाई दिल्याशिवाय सरकार मालमत्ता घेऊ शकत नाही. आणि या दोन्हींच्या मागे उभे होते ३२ वे कलम, ज्याला डॉ. आंबेडकरांनी संविधानाचा आत्मा म्हटले. मूलभूत हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्कच या कलमाने मूलभूत केला.

चिरंजितलाल चौधरी या भागधारकाने हेच कलम वापरले. त्यांच्याकडे तीन साधे भाग होते, आणि ८० अग्रहक्क भाग, तेही बँकेकडे तारण ठेवलेले. कंपनीचे भांडवल ४८ लाखांचे. एवढ्याशा धाग्यावर ते दिल्लीत उभे राहिले आणि म्हणाले: एकट्या आमच्याच कंपनीसाठी कायदा का? न्यायाधीश पाच होते, संविधान एक वर्षाचेही नव्हते, आधीचा निकाल म्हणून टेकायला जवळजवळ काहीच नव्हते. ४ डिसेंबर १९५० रोजी निकाल लागला, तीन विरुद्ध दोन. चिरंजितलाल हरले.

बहुमताचा विचार असा होता. समानता म्हणजे सगळ्यांना एकच कायदा असे नव्हे. कायदा वर्ग पाडतो, आणि वर्ग पाडण्यामागे समंजस कारण असले तर एक कंपनीही आपल्यापुरता वर्ग होऊ शकते. शिवाय कायदा वैध आहे असे गृहीत धरून चालायचे असते, तेव्हा तो भेदभाव करतो हे दाखवण्याचा भार तक्रारदारावर. दुसऱ्या कोणत्या गिरण्यांत असाच गैरकारभार होता आणि त्या सुटल्या, हे चिरंजितलाल यांनी दाखवलेले नव्हते. न्या. पतंजली शास्त्री आणि न्या. सुधी रंजन दास यांना हे पटले नाही. त्यांच्या मते एकाच कंपनीला नाव घेऊन निवडणे हाच भेदभाव होता.

गंमत म्हणून नाही, पण विचारांचा प्रवास किती वळणे घेतो ते पाहण्यासारखे आहे. हेच न्या. दास पुढे सरन्यायाधीश झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. तेंडोलकरांना दालमिया समूहाच्या चौकशीसाठी नेमले गेले, त्या नेमणुकीवर खटला झाला. १९५८ मध्ये निकाल देताना दास यांनी समानतेच्या कलमाची तत्त्वे मांडली. त्यांतले पहिलेच असे की एकट्या व्यक्तीसाठी केलेला कायदाही खास कारण असेल तर घटनेत बसतो. सोलापूरच्या खटल्यात ज्यांनी नकार दिला होता, त्यांनीच सोलापूरचा निकाल नियम म्हणून लिहिला. कायद्याचे विद्यार्थी ती तत्त्वे आजही पाठ करतात.

चिरंजितलाल हरले, पण गोष्ट संपली नाही. सरकारी संचालकांना गिरणी चालवायला पैसा हवा होता. कंपनीचे ३२,००० अग्रहक्क भाग १०० रुपयांचे होते आणि त्यांवर ५० रुपयेच भरलेले होते. नव्या संचालकांनी ठराव केला: उरलेले ५० रुपये प्रत्येकी भरा. हिशेब सोळा लाखांचा. आजवर सरकारचा हात गिरणीच्या फाटकापर्यंत आला होता, आता तो भागधारकाच्या खिशात आला. ज्या कंपनीत तुमचे मत चालत नाही, जिचा संचालक तुम्ही निवडू शकत नाही, जी तुम्ही बंदही करू शकत नाही, तिच्यासाठी तुमच्याकडूनच पैसा मागायचा. द्वारकादास श्रीनिवास या अग्रहक्क भागधारकाने स्वतःसाठी आणि आपल्यासारख्या बाकीच्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयात दावा केला. तिथे हार झाली. अपील सर्वोच्च न्यायालयात गेले.

१८ डिसेंबर १९५३ रोजी न्यायालयाने वटहुकूम आणि त्याच्या जागी आलेला १९५० चा कायदा, दोन्ही घटनाबाह्य ठरवले. न्यायालयाने कागदावरचा मालक कोण हे पाहिले नाही. कागदावर मालकी कंपनीचीच होती, सरकारच्या नावे एक वीटही झालेली नव्हती. न्यायाधीशांनी विचारले की मालकाच्या हातात प्रत्यक्षात काय उरले? ताबा नाही, कारभार नाही, विक्री नाही, मोडीत काढण्याची मुभा नाही. मालकीचा सगळा गर काढून घेतला आणि साल तेवढे ठेवले, तर ते मालमत्ता घेणेच झाले, आणि घ्यायची तर भरपाई द्यायला हवी. १९३१ मध्ये गव्हर्नर जनरलच्या मनाला वाटेल ते अंतिम होते. १९५३ मध्ये त्याच पदावरच्या माणसाचा वटहुकूम न्यायालयाने उलगडून पाहिला आणि परत केला.

इथे थांबलो असतो तर ही सरळ विजयाची कथा झाली असती. पण सत्ता आणि मर्यादा यांचे नाते असे एका निकालात मिटत नाही. सरकारचे म्हणणेही हलके नव्हते. गिरणी बंद पडून गाव उपाशी राहिले, तर बाजारभावाने भरपाई मोजत बसायची? बंगालमधल्या जमिनींच्या खटल्यांतही सरकार असेच अडले होते. म्हणून १९५५ मध्ये संसदेने चौथी घटनादुरुस्ती केली. ३१अ या कलमात एक नवी ओळ आली: सार्वजनिक हितासाठी किंवा नीट कारभारासाठी सरकार कोणत्याही मालमत्तेचे व्यवस्थापन मर्यादित मुदतीसाठी हाती घेऊ शकते, आणि तेवढ्या कारणाने तो कायदा समानतेच्या हक्काविरुद्ध ठरणार नाही. पुढे १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्कच गेला आणि ३००अ हे साधे कलम उरले: कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता घ्यायची नाही. ३१अ मात्र आहे तिथे आहे. संविधानाची प्रत काढून ते वाचा. 'मर्यादित मुदतीसाठी' या शब्दांमागे जुन्या मिलची धुराडी दिसतील.

त्याचबरोबर दुसरी एक गोष्ट घडली, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. १९५१ चा उद्योग (विकास आणि नियमन) कायदा झाला आणि १९५३ मध्ये त्यात व्यवस्थापन ताब्यात घेण्याचे प्रकरण घातले गेले. आता एकेका गिरणीसाठी वेगळा वटहुकूम काढायची गरज उरली नाही. सगळ्यांना एकच नियम, सर्वसाधारणपणे आधी चौकशी, मग हुकूम, आणि मुदत ठरलेली. अधिकार कमी झाला नाही, पण त्याला येण्याजाण्याचा रस्ता आखून मिळाला. सरकारी खात्यांवरची घटनेची मर्यादा बहुतेक वेळा अशीच दिसते: 'हे करू नका' असे ती क्वचित म्हणते; 'करायचे तर असे करा, कारण लिहून ठेवा, समोरच्याचे ऐका' असे म्हणते.

वटहुकुमांचे पुढे काय झाले, हे सांगायला पुण्याला जावे लागते. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्राध्यापक डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारचे गॅझेट बारकाईने चाळले. १९६७ ते १९८१ या काळात तिथल्या राज्यपालांनी २५६ वटहुकूम काढले होते. मुदत संपली की तोच मजकूर पुन्हा काढायचा, अशा रीतीने काही वटहुकूम चौदा वर्षांपर्यंत जगवले होते, विधानसभेसमोर न नेता. वाधवांनी त्यावर पुस्तक लिहिले आणि मग स्वतःच सर्वोच्च न्यायालयात गेले. ना त्यांची जमीन गेली होती, ना गिरणी. डिसेंबर १९८६ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले की हे संविधानाशी केलेले कपट आहे. एका संशोधकाने धूळ खाणाऱ्या गॅझेटांतून राज्यपालाच्या लेखणीला लगाम घातला.

आणखी एक खटला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण तो एका मराठी पुस्तकाचा आहे. कम्युनिस्ट नेते प्रभाकर संझगिरी भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. देशात आणीबाणी जाहीर होती, कित्येक मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याची मुभा स्थगित होती. तुरुंगात बसून त्यांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिले, 'अणूच्या अंतरंगात'. हस्तलिखित पत्नीकडे पाठवून छापून घेण्याची परवानगी मागितली. सरकारने नाकारली. सरकारचा युक्तिवाद असा की स्थानबद्धाला नियमांत दिलेल्या सवलतींपलीकडे काही हक्क नाही, आणि पुस्तक पाठवण्याची सवलत नियमांत नाही. उच्च न्यायालयाने सरकारविरुद्ध निकाल दिला आणि १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. न्या. सुब्बा राव यांनी प्रश्न उलटा धरला: पुस्तक पाठवू नये असा नियम कुठे आहे? नसेल तर माणसाचे स्वातंत्र्य तेवढे शिल्लक आहे, तो तुरुंगात असला तरी. आणीबाणीनेही सरकारला कायद्याबाहेर वागण्याची मोकळीक दिलेली नाही.

१९३० च्या सोलापुरात हाच प्रश्न कुणी उलटा धरला असता तर? टोपी घालायची परवानगी कुठे आहे, असे सैनिक विचारत होता. टोपी घालू नये असा कायदा कुठे आहे, असे त्याला विचारणारे आणि उत्तर मिळेपर्यंत त्याला थांबवू शकणारे न्यायालय हवे होते.

हे सगळे मिळाले म्हणून ते कायमचे मिळाले, असे मानू नका. २८ एप्रिल १९७६ रोजी, आणीबाणीच्या काळात, सर्वोच्च न्यायालयानेच चार विरुद्ध एक मताने सांगितले की स्थानबद्धाला जगण्याच्या हक्कासाठीही न्यायालयाचे दार बंद आहे. न्या. हंसराज खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. ती चूक दुरुस्त करायला १९७८ ची घटनादुरुस्ती लागली. आता आणीबाणीतही २० वे आणि २१ वे कलम स्थगित करता येत नाही. आणि तो निकाल शब्दशः पुसून टाकायला २०१७ उजाडावे लागले.

तेव्हा एक विनंती आहे. महापालिकेची, तहसीलची, कुठल्याही खात्याची नोटीस हाती आली की घाबरण्याआधी किंवा चिडण्याआधी ती कोणत्या कलमाखाली काढली आहे ते शोधा, आणि ते कलम काढून वाचा. कलम लिहिलेलेच नसेल, म्हणणे मांडायला मुदत दिलेली नसेल, कारण दिलेले नसेल, तर लेखी विचारा. हा प्रश्न विचारायला वकील लागत नाही. आणि लागलाच तर उच्च न्यायालयाचे दार पूर्वीइतके लांब राहिलेले नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसते, आणि त्याच्या कक्षेतल्या सहा जिल्ह्यांत सोलापूर आहे.